कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातील मूळ रहिवासी असलेल्या इनुइटांची दगडी शिल्पे शेकडो वर्षांच्या परंपरेतली आहेत का?

कोरण्याची कला प्राचीन आहे, परंतु आज संग्रहालयांत दिसणारी मोठी दगडी शिल्पे प्रामुख्याने १९४९ नंतरची आहेत. त्या वर्षी जेम्स ह्यूस्टन या कॅनेडियन चित्रकाराने उत्तरेकडून आणलेल्या कोरीव वस्तूंची मॉन्ट्रियलला विक्री झाली आणि मागणी वाढू लागली. ओसुइटोक इपीली (१९२३–२००५) यांच्या आयुष्यात हा बदल स्पष्ट दिसतो. कॅनडाच्या उत्तरेकडील बॅफिन बेटावर शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबात वाढलेले हे गृहस्थ पुढे त्याच भागातील केप डॉर्सेट या वस्तीचे नामवंत शिल्पकार झाले. हिरवट सर्पेंटाइन दगडातून घडवलेले त्यांचे कॅरिबू हरीण इतक्या सडपातळ पायांवर उभे असते की, हा ठिसूळ दगड घडवताना मोडला कसा नाही, याचेच नवल वाटावे. शिंगे मात्र बहुधा खऱ्या शिंगातून कोरून नंतर बसवलेली असतात. त्यांची शरीररचनेची जाण शिकाऱ्याची होती, असे मला वाटते. तथापि, ही कला केवळ बाजारासाठी जन्मली असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण वॉलरसच्या सुळ्यातल्या छोट्या आकृती आणि सील प्राण्याच्या चरबीवर जळणारे दगडी दिवे या प्रदेशात त्याआधी शतकानुशतके घडवले जात होते.