वाट वाकडी करावी अशी ठिकाणं: कोल्हापूर परिसर

या वेळी बरीच पत्रं कोल्हापूरच्या आसपासच्या प्रवासाबद्दल आली. अंबाबाई, पन्हाळा, जोतिबा सगळ्यांना ठाऊक आहेत. वाचकांना हवी आहेत ती जाता जाता थांबावं अशी आगळी ठिकाणं. यातली बहुतेक ठिकाणं वेळेची आहेत. चुकीच्या महिन्यात किंवा चुकीच्या तासाला गेलात तर काहीच दिसत नाही, म्हणून उत्तरांत वेळेवर जास्त भर दिला आहे.

पुण्याहून गोव्याला गाडीने निघालोय, बरोबर आठ आणि अकरा वर्षांची मुलं आहेत. कोल्हापूरपाशी तीनेक तास मोडता येतील. महामार्गापासून फार आत न शिरता काय दाखवता येईल? – एक वाचक, चिंचवड

एकच ठिकाण धरा: कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. कोल्हापूर ओलांडून कागलच्या दिशेने निघालात की गोकुळ शिरगावपाशी आत वळायचं. उघड्यावर, झाडांत आणि घरांच्या अंगणात माणसाएवढे सिमेंटचे पुतळे आहेत: चाक फिरवणारा कुंभार, भाता मारणारा लोहार, बैलं, मोट, पारावरचे म्हातारे. मुलांना नुसतं फिरवू नका. बारा बलुतेदारांची नावं आधी कागदावर लिहून द्या आणि त्यांनाच शोधू द्या. हातातली अवजारं बघून ओळखायचं. पायी फिरायला दोन-अडीच तास लागतात आणि बराचसा भाग उन्हात आहे, त्यामुळे सकाळी अकराच्या आत किंवा चारनंतर जावं. भर दुपारी नेलेली मुलं अर्ध्यातच कंटाळतात आणि दोष संग्रहालयाला जातो.

अर्धाच तास असेल तर कोल्हापूरच्या अलीकडे टोप-संभापूरचा चिन्मय गणेश. २४ फुटांच्या बैठकीवर ६१ फुटांची मूर्ती, एकूण ८५ फूट. सेवा रस्ता आधीच पकडा. मधल्या लेनमधून जाताना वळण हमखास चुकतं. पायथ्याशी उभं राहून पूर्ण मूर्ती फोटोत मावत नाही, मागे सरकूनच काढावा लागतो.

खिद्रापूरच्या मंदिरात कार्तिकी पौर्णिमेला चंद्र छताच्या गोलात येतो म्हणतात. त्या रात्री फार गर्दी असते. दुसऱ्या कुठल्या दिवशी तसं काही बघायला मिळेल का? – एक वाचक, सांगली

मिळेल. चंद्र मधोमध का येतो हे एकदा कळलं की बाकीचे दिवस तुम्हीच काढाल.

खिद्रापूरच्या या कोपेश्वर मंदिराच्या पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आहे. त्याच्या छतात मधोमध सुमारे १३ फूट व्यासाचं गोल आभाळ मोकळं सोडलं आहे आणि नेमकी त्याखाली जमिनीत एक गोल अखंड शिळा आहे, रंगशिळा. उजेडाची चकती या शिळेवर बरोबर बसायची तर सूर्य किंवा चंद्र अगदी डोक्यावर हवा. खिद्रापूरला सूर्य वर्षातून दोनदाच तसा येतो: मेच्या ६-७ तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टात आभाळ भरलेलं असतं, म्हणून मेच धरा. वेळ बाराची नव्हे, साडेबाराची. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं आहे. कोल्हापूरकडचा भाग त्याच्या बराच पश्चिमेला, म्हणून इथे खरी मध्यान्ह अर्ध्या तासाने उशिरा होते. सव्वाबाराला शिळेच्या कडेशी उभे राहा. चकती पश्चिमेकडून सरकत येते, काही मिनिटं शिळेवर नीट बसते आणि पूर्वेकडे निघून जाते. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा हीच चकती उत्तरेच्या खांबांकडे ढकलली जाते.

आता चंद्र. पूर्णचंद्र नेहमी सूर्याच्या समोर असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेला उतरलेला, म्हणून चंद्र उत्तरेला चढलेला; मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ मेमधल्या सूर्याच्याच जागी येतो. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेलाही तो उंच असतो, फक्त जरा उत्तरेला. त्या रात्री गर्दी बरीच कमी असेल, पण मंदिर रात्री उघडं राहणार का हे आधी गावात विचारूनच निघा.

फक्त चकतीसाठी मात्र जाऊ नका. हे बाराव्या शतकातलं शिलाहार राजांचं काम आहे. मंदिर पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे सकाळी नऊ ते साडेदहा तिरपं ऊन असतं तेव्हा मूर्तींचे दागिने आणि बोटं सुटी दिसतात. बारानंतर बाहेरची भिंत सपाट भासते. एक खांब निवडा आणि खालून वर नजर न्या. चौकोन, मग अष्टकोन, मग वर्तुळ असा आकार बदलत जातो आणि गोल भागावर अजून घोटाई टिकून आहे. मंदिराचा सगळा भार हत्तींच्या रांगेने पाठीवर घेतलेला आहे, तोही वाकून बघा. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशा दोन पिंडी आहेत. समोर नंदी नाही. तो कृष्णेपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, असं सांगतात.

कोल्हापुरातून अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, वेळ दोन तास. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, अकिवाट असा रस्ता आहे. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी फुगलं की शिरोळ तालुक्यातले हे रस्ते पाण्याखाली जातात, जुलै-ऑगस्टात चौकशी केल्याशिवाय निघू नये. मेमध्ये दुपारी फरशी तापते आणि चप्पल बाहेर काढावी लागते, म्हणून पायमोजे ठेवा. परतताना वाडीला कवठाची बर्फी घ्या.

रस्त्याकडेला गुऱ्हाळं दिसतात. थांबून बघू देतात का? काकवी घेतली की घरी बिघडते, ते का? – एक वाचक, डोंबिवली

विचारून आत गेलात तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. पन्हाळा आणि गगनबावडा या दोन्ही रस्त्यांना गुऱ्हाळं लागतात. चिमणीतून धूर निघत असेल तरच थांबा. एक आदण, म्हणजे एका वेळचा रस, उतरायला काही तास लागतात, तेव्हा आधी गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, विचारा की काईल (रस आटवायची मोठी कढई) कुठवर आली आहे.

रस गरम होऊ लागला की भेंडीच्या झाडाचं चेचलेलं चिकट पाणी आणि चुना पडतो. चुन्याने रसाचा आंबटपणा मारला जातो, भेंडीच्या बुळबुळीत मळ अडकून वर येतो. ही मळी काढतात तेव्हाच गुळाचं नशीब ठरतं. रस खदखदायला लागला की मळी पुन्हा आत मिसळते, म्हणून जाळ घालणाऱ्या चुलव्याला त्या वेळी जाळ धरून ठेवावा लागतो. पुढे पाक १०५-१०६ अंशांवर आला की काकवी आणि ११८च्या आसपास गूळ. गुळव्या थर्मामीटर लावत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, ते बोटाने बघतो. मग काईल वाफ्यात, म्हणजे पाक गार करायच्या हौदात, ओततात. हे ओतणं चुकवू नका, मात्र चार हात लांब उभे राहा आणि मुलांचा हात सोडू नका. तो पाक कातडी सोलून काढतो.

काकवी बिघडते ती लवकर उतरवलेली असली की. पातळ काकवीत पाणी जास्त, त्यामुळे चार-आठ दिवसांत फेस येतो आणि आंबट वास सुटतो. चमच्यावरून जाड धारेने, मधासारखी पडते ती घ्या. गरमागरम काकवी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरू नका. बाटली आकसते, आणि झाकण लावलं की आतल्या वाफेचं पाणी वर साचून तिथूनच काकवी आंबायला लागते. स्टीलचा कोरडा डबा बरोबर न्या आणि गार झाल्यावर झाकण लावा. तळाला साखरेचे खडे जमले तर तो दोष नव्हे. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घेताना पिवळाधमक बघून भुलू नका. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस या रसायनाचा असतो. तपकिरी रवा चांगला.

राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात हे खरं का? कधी जावं? – एक वाचक, इचलकरंजी

खरं आहे. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या भोगावतीवरच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ३४७.५० फुटांच्या पूर्ण पातळीला टेकलं की पाण्याच्या दाबाने दरवाजा स्वतःहून उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी पडतं. तारीख कुणी सांगू शकत नाही, साधारण जुलैच्या उत्तरार्धापासून बातम्यांवर लक्ष ठेवा. सातही एकदम उघडतील असं नाही, आणि क्रमाने तर नाहीच. भिंतीवर जायला परवानगी लागते, म्हणून खालच्या बाजूने बघायचं ठरवा. घाटात धुकं असतं; दुपारी दोननंतर निघालात तर परतताना अंधारात सापडाल.

तेवढं जमत नसेल तर शहरालगत कसबा बावड्याचा राजाराम बंधारा बघा. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून राज्यभर जे बांधले गेले तो हाच प्रकार. खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की त्यांत बर्ग्यांच्या, म्हणजे आडव्या फळ्यांच्या, दोन ओळी बसवतात आणि मधे माती ठासून पाणी अडवतात. मृगाच्या आधी बर्गे काढून घेतात. काढायला उशीर झाला तर पुरातली झाडं-झुडपं अडकून पाणी काठ कापत बाजूने वाट काढतं. डिसेंबरात गेलात तर बर्गे बसलेले दिसतात, जूनच्या शेवटी नुसत्या खाचा. पंचगंगेची ३९ फुटांची इशारा आणि ४३ फुटांची धोका पातळी इथेच मोजतात. पाणी चढलेलं असताना कुठल्याही बंधाऱ्यावरून गाडी घालू नका, गुडघ्याएवढं दिसलं तरी.

रंकाळ्याचा नंदी सरकतो म्हणतात, ते काय आहे? – एक वाचक, नाशिक

रोज गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकतो, आणि रंकाळा तळ्यापर्यंत पोचला की प्रलय होणार, अशी लोकांची श्रद्धा आहे. मूर्ती मोठी आणि देखणी आहे. फिरायला जालच, तेव्हा बघून या. त्याच फेरीत पाण्यातला संध्यामठही दिसतो, पाणी उतरलं असेल तर जास्त चांगला.

गगनबावड्याकडे जाताना कमी गर्दीचं काही? – एक वाचक, कणकवली

पळसंबे. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर आसळजपाशी फाटा आहे. ओढ्यात, गर्द झाडीखाली, सुट्या प्रचंड दगडांत कोरलेली छोटी मंदिरं आहेत. एकेक मंदिर म्हणजे एकेक धोंडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, ओढ्याला पाणी असतं आणि पाऊलवाट कोरडी असते. जोराच्या पावसात ओढा ओलांडू नये. तळाच्या दगडांवर शेवाळ धरतं, रबरी तळव्याचे बूट घाला. तुम्ही घाट चढून येणार, तेव्हा निघण्याआधी करूळ घाट चालू आहे का ते बघा. बंद असला तर भुईबावड्याने वर या.