वाचकांचे प्रश्न : लोटगाडी, जलपरी आणि कड्यावरून परतणारा आवाज

या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून आलेली बरीच पत्रं नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राबद्दल आहेत. काहींनी सोडवलेली गणितंही सोबत जोडली आहेत. ती तपासताना दिसलं की सूत्र बहुतेकांचं बरोबर आहे, घोळ होतो तो सूत्रात काय भरायचं इथे. म्हणून उत्तरांतही भर तिथेच दिला आहे.

प्रश्न : केळीने भरलेली लोटगाडी १२० न्यूटन बलाने ढकलली. केळी १५० किलो, रिकामी गाडी ५० किलो, घर्षण ४० न्यूटन. त्वरण किती? मी आधी १२० भागिले १५० केलं, ०.८ आलं. मग घर्षण वजा करून ०.५३ आलं. पुस्तकामागे उत्तर ०.४ आहे. (नववीचा विद्यार्थी, रावेर)

उत्तर : दुसऱ्या वेळी वरचा आकडा दुरुस्त केलास, खालचा तसाच राहिला. हात गाडीला ढकलतो आणि केळी गाडीबरोबर जातात. म्हणजे हलणारी वस्तू आहे गाडी अधिक केळी, एकूण २०० किलो. निव्वळ बल १२० वजा ४०, म्हणजे ८० न्यूटन. ८० भागिले २०० म्हणजे ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग.

असं गणित झालं की ते ऊर्जेच्या बाजूनेही पडताळून पाहा, एक मिनिट लागतं. गाडी थांबलेल्या स्थितीतून निघाली, ५ सेकंद ढकलली. वेग ०.४ × ५ = २ मीटर प्रति सेकंद. अंतर ½ × ०.४ × २५ = ५ मीटर. ढकलणाऱ्याने केलेलं कार्य १२० × ५ = ६०० ज्यूल. घर्षणात गेलं ४० × ५ = २०० ज्यूल. उरले ४००. आता गतिज ऊर्जा काढ : ½ × २०० × २² = ४०० ज्यूल. जुळलं. तुझं ०.५३ घेऊन, गतिज ऊर्जेत मात्र २०० किलोच धरून हेच केलंस तर जुळणार नाही, आणि चूक परीक्षेच्या हॉलमध्येच सापडेल.

प्रश्न : बैल गाडीला ओढतात तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते, असा न्यूटनचा तिसरा नियम. मग दोन्ही बलं एकमेकांना रद्द करतील आणि गाडी कधीच हलणार नाही. पण आमची गाडी तर रोज शेतात जाते! (दहावीची विद्यार्थिनी, पारोळा)

उत्तर : शंका रास्त आहे. बलं रद्द होतात ती एकाच वस्तूवर लागलेली असली तर. तू सांगितलेल्या दोन बलांपैकी एक गाडीवर आहे, दुसरं बैलांवर. त्यांची वजाबाकी करायचा आपल्याला अधिकारच नाही.

वहीत दोन चौकोन काढ, एक गाडीचा आणि एक बैलजोडीचा, आणि प्रत्येकावर त्याला लागणारीच बलं दाखव. आकडे घेऊ : कपाशी भरलेली गाडी ८०० किलो, बैलजोडी ७०० किलो, ओढ ५६० न्यूटन, गाडीला रस्त्याचा आणि आसाचा मिळून विरोध ४०० न्यूटन.

गाडीचा चौकोन : पुढे ५६०, मागे ४००. निव्वळ १६० न्यूटन, भागिले ८००, त्वरण ०.२.

बैलांचा चौकोन : मागे ५६०, कारण गाडी त्यांना मागे खेचते. बैलही ०.२ नेच पुढे सरकताहेत, म्हणजे त्यांच्यावरचं निव्वळ बल ७०० × ०.२ = १४० न्यूटन. मग पुढच्या दिशेने ५६० + १४० = ७०० न्यूटन कुठून तरी यायला हवेत. ते जमिनीकडून येतात. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात, जमीन त्यांना तेवढ्याच बलाने पुढे रेटते. हीसुद्धा तिसऱ्या नियमाचीच जोडी, आणि गाडी चालते ती हिच्या जिवावर.

शेवटी दोन्ही चौकोन मिळून एकच वस्तू धरून बघ. बाहेरून लागणारी बलं दोनच : जमिनीचे ७०० पुढे, विरोधाचे ४०० मागे. ३०० भागिले १५०० म्हणजे पुन्हा ०.२. यात ५६० कुठेच आले नाहीत, कारण ती ओढ आता आतली झाली.

पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते तेव्हा दोन्हीकडून मार बसतो. खूर घसरतात म्हणून जमीन ७०० देऊ शकत नाही, आणि चाक खोल गेल्याने विरोधही ४०० पेक्षा वाढतो. बैलांची ताकद तीच असते. म्हणून खुरांखाली किंवा चाकाखाली दगड, पऱ्हाट्या टाकतात.

याच जातीची आणखी एक चूक पत्रांत वारंवार दिसली. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा वरचा रेटा ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत, ती समान आहेत कारण पुस्तक स्थिर आहे. वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते बल. एका गुणाच्या प्रश्नात हे हमखास चुकतं.

प्रश्न : मजूर डोक्यावर २० किलोचा घड घेऊन बागेतून ट्रकपर्यंत चालतो, तर कार्य शून्य, असं शिकवावं लागतं. मुलं हसतात. त्यांना काय सांगावं? (शिक्षक, यावल)

उत्तर : आधी कार्य कुणी, कशावर केलं ते ठरवायला लावा. घड जमिनीवरून दीड मीटर उंच डोक्यावर घेतला तेव्हा २० × ९.८ × १.५ = २९४ ज्यूल कार्य झालं, ते घडात स्थितिज ऊर्जा म्हणून जमा आहे. नंतर सपाट वाटेवर एकसारख्या वेगाने चालताना डोक्याचा रेटा उभा आणि विस्थापन आडवं, म्हणून त्या रेट्याचं घडावरचं कार्य शून्य. घाम येतो तो स्नायू सतत आकसतात-सैलावतात म्हणून. अन्नातून आलेली ऊर्जा शरीरातच उष्णता होऊन जाते, घडाला ती मिळत नाही. मजुराने ऊर्जा खर्च केली हे खरं, घडाची वाढली नाही हेही खरं. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलीत की पुरे.

प्रश्न : ट्यूबवेलमध्ये ५ एचपीची जलपरी (पाण्यात बुडवून चालवायची मोटर) ७० मीटरवर सोडली आहे, पाण्याची पातळी ४० मीटरवर आहे. २०० लिटरचा ड्रम ४२ सेकंदांत भरतो. मुलाने पुस्तकातल्या पद्धतीने तासाचं पाणी काढलं तर फारच जास्त येतं. गणित चुकलं की मोटर खराब आहे? (शेतकरी पालक, चोपडा तालुका)

उत्तर : दोन्ही ठीक असावेत. पाच एचपी म्हणजे ५ × ७४६ = ३७३० वॅट. तासाला ३६०० ने गुणलं की १,३४,२८,००० ज्यूल. एक किलो पाणी ४० मीटर वर आणायला ९.८ × ४० = ३९२ ज्यूल लागतात. भागाकार सुमारे ३४,२५० किलो, म्हणजे तितकेच लिटर. मुलाने असंच केलं असेल तर पुस्तकाच्या हिशेबाने ते बरोबर आहे.

उंची ४० च का, ७० का नाही, हा प्रश्न पडायला हवा. बोअरमधलं पाणी स्वतःच ४० मीटरच्या पातळीपर्यंत उभं आहे. त्या पातळीखाली मोटर कितीही खोल सोडली तरी तेवढा भाग उचलायचं काम तिला नाही. उंची मोजायची पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथे पडतं तिथपर्यंत. आणि पातळी मोजायची मोटर चालू असताना, कारण उपसा सुरू झाला की ती खाली जाते. तुम्ही ४० मीटर बंद मोटरवर मोजले असतील तर पुढचा हिशेब थोडा बदलेल.

आता तुमचा ड्रम. २०० लिटर ४२ सेकंदांत म्हणजे सेकंदाला ४.७६ किलो. गुणिले ३९२, येतात सुमारे १८६७ वॅट. मोटरच्या ३७३० पैकी पाण्याला मिळाले निम्मे, म्हणजे कार्यक्षमता ५० टक्के. बाकीची ऊर्जा पंपाच्या पंख्यांत, पाइपाच्या घर्षणात आणि पाण्याच्या घुसळणीत जाते. शेतातल्या पंपाला हा आकडा काही वाईट नाही. तासाचं पाणी १७ हजार लिटरच्या आसपास. पुढच्या वर्षी त्याच पातळीवर हाच ड्रम ६० सेकंद घेऊ लागला तर मात्र पंप काढून पाहा.

आणखी दोन गोष्टी. पाणी थेट ठिबकला सोडलंत आणि तिथे एक किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला एक किलो) दाब ठेवलात, तर मोटरसाठी ती सुमारे १० मीटर जादा उंची झाली. दुसरं, मोटरच्या पाटीवरचे एचपी हे मोटर देते त्याचे असतात, विजेतून घेते त्याचे नव्हेत. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर मीटरवर तासाला ३.७३ नव्हे, जवळपास ४.७ युनिट पडतील.

प्रश्न : साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वीज आठपट मिळते असं ऐकलं. गतिज ऊर्जेत तर वेगाचा वर्ग आहे, मग चारपट हवी ना? (दहावीचा विद्यार्थी, पिंपळनेर)

उत्तर : एक किलो हवेची ऊर्जा चारपटच होते. पण वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला हवाही दुप्पट येते. एक चौरस मीटरची खिडकी धर, हवेची घनता १.२. ताशी १८ किलोमीटर म्हणजे ५ मीटर प्रति सेकंदाला ६ किलो हवा येईल, ऊर्जा ½ × ६ × २५ = ७५ वॅट. वेग १० केला की १२ किलो, ½ × १२ × १०० = ६०० वॅट. आठपट. यातला जास्तीत जास्त ५९ टक्के भागच पात्यांना घेता येतो. शिवाय ठरावीक वेगानंतर पाती कोन बदलून वारा सोडून देतात, म्हणून वादळात वीज आठपट वाढेल असं समजू नकोस.

प्रश्न : आवाजाच्या गणितात २ ने कधी भागायचं, कधी नाही? आणि वेग ३३१, ३४०, ३४४ यातला कोणता घ्यायचा? (नववीची विद्यार्थिनी, भुसावळ)

उत्तर : वेगाचं आधी. गणितात दिला असेल तोच घ्यायचा, वाद नाही. हे आकडे वेगवेगळे दिसतात ते तापमानामुळे. शून्य अंशाला सुमारे ३३१, पुढे प्रत्येक अंशाला ०.६ ची भर. ३४० म्हणजे साधारण १५ अंशांची थंड सकाळ. तुमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश होतात तेव्हा ३३१ + २७ = ३५८ मीटर प्रति सेकंद. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला किमान १७ मीटर अंतर हवं हा पाठ केलेला आकडा ३४० चा आहे. भुसावळच्या उन्हात तो १७.९ होतो.

आता २ चा प्रश्न. आवाजाने कापलेली वाट बोटाने रेखाट. वीज चमकली आणि ६ सेकंदांनी गडगडाट आला, तर आवाज एकदाच, तिकडून इकडे आला : ३४० × ६ = २०४० मीटर. भागायचं नाही. कड्यावर आपटून परत आला तर वाट दुहेरी, भागायचं. नियम पाठ केलास तर खालच्या दोन गणितांत फसशील.

पहिलं. तोरणमाळसारख्या ठिकाणी दोन समोरासमोरच्या कड्यांमध्ये उभं राहून टाळी वाजवली. एक प्रतिध्वनी १ सेकंदाने, दुसरा १.६ सेकंदाने आला. दोन कड्यांतलं अंतर? जवळचा कडा ३४० × १ ÷ २ = १७० मीटर, लांबचा ३४० × १.६ ÷ २ = २७२. एकूण ४४२ मीटर. इथे मुलं १.६ मधून १ वजा करतात. दोन्ही कडे एकाच बाजूला असते तर ते चाललं असतं. कान तीक्ष्ण असेल तर २.६ सेकंदांनी तिसरा, बारीक प्रतिध्वनीही येईल : एका कड्यावरून दुसऱ्यावर आणि मग परत.

दुसरं. गाडी २० मीटर प्रति सेकंदाने डोंगराकडे चालली आहे. इंजिनाने भोंगा दिला, ड्रायव्हरला २ सेकंदांनी प्रतिध्वनी ऐकू आला. आवाजाने कापलं ६८० मीटर, पण तेवढ्यात गाडी ४० मीटर पुढे सरकली. जाण्याचं अंतर अ, येण्याचं अ वजा ४०. २अ − ४० = ६८०, म्हणून अ = ३६० मीटर. हे भोंगा दिला त्या वेळचं अंतर. ऐकलं त्या वेळचं ३२०. प्रश्नात कोणतं विचारलंय ते दोनदा वाच, गुण तिथेच जातात. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर असा दिलेला असतो, तो आधी ५/१८ ने गुणून घे. ३४० मीटर आणि ७२ किलोमीटर एका समीकरणात बसत नाहीत.

प्रश्न : आवाज हवेतून पाण्यात शिरला की वेग वाढतो. मग वारंवारता वाढते की तरंगलांबी? (दहावीचा विद्यार्थी, शहादा)

उत्तर : तरंगलांबी. सेकंदाला किती कंपनं करायची ते आवाजाचा उगम ठरवतो, आणि हवेची कड जितक्या वेळा पाणी दाबेल तितक्याच वेळा पाणी हलेल. १७० हर्ट्झचा आवाज हवेत ३४० ÷ १७० = २ मीटर लांबीचा. पाण्यात वेग १४८० धरला तर १४८० ÷ १७०, म्हणजे ८.७ मीटर. प्रकाश काचेत शिरतो तिथेही वारंवारता तीच राहते, पण वेग कमी होतो म्हणून तरंगलांबी घटते. गणितात वारंवारता किलोहर्ट्झ किंवा मेगाहर्ट्झमध्ये असेल तर भागाकाराआधी शून्यं लिहून घे : रेडिओ लहरींचे १०० मेगाहर्ट्झ म्हणजे १०,००,००,००० हर्ट्झ, आणि त्यांचा, म्हणजे प्रकाशाचाच, वेग ३०,००,००,००० मीटर प्रति सेकंद भागिले तेवढे, ३ मीटर.