गुलामगिरीवरचा गेम वर्गात खेळावा का?

प्रश्न : ताई, मी दापोलीजवळ आठवीला इतिहास शिकवते. अमेरिकेच्या इतिहासावरच्या 'मिशन यूएस' या गेम-मालिकेतला 'फ्लाइट टू फ्रीडम' हा फुकटचा गेम वर्गात घ्यायचा विचार आहे, त्यात १८४८ सालच्या अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली १४ वर्षांची गुलाम मुलगी ल्युसी आपण व्हायचं आणि तिथून पळायचं. पण एवढ्या दुःखाचा गेम बरा दिसेल का? आणि आमच्या पोरांचा याच्याशी काय संबंध, असं पालक विचारणारच.

उत्तर : बाई, नक्की घ्या, पण पोरांना एकटं कम्प्युटरवर सोडू नका. गेम इंग्रजीत आहे म्हणून नाही फक्त. गेममध्ये हरलं की पोरांना वाटतं आपलंच चुकलं, परत खेळू. म्हणून ल्युसी पकडली गेली की तिथेच थांबवा आणि विचारा, चूक कोणाची? मग पळालेल्या गुलामांबद्दलचा अमेरिकेचा १८५० चा कायदा सांगा. गुलामी नसलेल्या राज्यात पोचलेल्या माणसालाही धरून परत न्यायचं, त्याला स्वतःची साक्ष द्यायची मुभा नाही, आणि निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस परत धाडला तर १० डॉलर, सोडला तर ५! हे दोन आकडे फळ्यावर लिहा, पोरं आपसूक भांडायला लागतील.

पळून जाण्यात थरार आहे, पण ही गुलामी मोडायला अर्जांवर घरोघर फिरून सह्या गोळा करणारे लोकही होते, त्यात बायका खूप. त्यांचे अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा नियम अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने १८३६ ला केला, तो १८४४ पर्यंत टिकला, तरी माजी राष्ट्राध्यक्ष आणि तेव्हा त्याच सभागृहाचे सदस्य असलेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स अर्ज मांडतच राहिले. मला तर हाच भाग जास्त शिकवावासा वाटतो.

पालकांना सांगा, जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच. आणि आपल्या अलिबागजवळच्या चरीला १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जमिनी कसल्या नाहीत, नारायण नागू पाटील पुढे होते, १९३७ ला बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल आणलं. मात्र खोती आणि तिकडची गुलामी एकच असं शिकवू नका, तिथे माणूसच विकला जायचा. घरी आजी-आजोबांना विचारायला लावा, खोताला किती भात जायचं.

शेवटी पोरांकडून एक खरा अर्ज लिहून घ्या, शाळेच्या वाटेवरचा साकव मोडलाय, नळाला पाणी नाही, जे असेल ते. ग्रामपंचायतीत पोरांनीच नेऊन द्यायचा, पोच घ्यायची आणि पुढच्या ग्रामसभेत त्याचं काय झालं ते विचारायला पालकांना सोबत न्यायचं.