पाठीवर सॅक घेऊन दोन दिवसांत पुणे: आधी कुलूप घ्या

जानेवारीत अमरावतीहून एकटे येताय, हातात दोन दिवस आहेत, पाठीवर सॅक, खिशात बारा ठिकाणांची यादी. आणि तुमचा प्रश्न असा की "कुठे फसायला होतं तेवढं सांगा." यादीकडे नंतर येतो. फसण्यावर बोलायचा मला अधिकार आहे. मी अकोल्याचा. डिसेंबर २०११ मध्ये अशीच यादी घेऊन पुण्यात उतरलो होतो. आता इथेच राहतो, गाडी चालवताना तोंडाला रुमाल बांधतो, दुपारी कुणी बेल वाजवली तर कपाळाला आठ्या पडतात. पण तो पहिला दिवस अजून जशाच्या तसा आठवतो.

आधी एक गोष्ट. त्या दोन दिवसांत पुण्यात मला एका रुपयालाही कुणी फसवलं नाही. सुधारलं मात्र भेटेल त्याने.

पहाटे साडेपाचला गाडीतून उतरलो. सॅक मित्राकडून मागून आणलेली, ट्रेकवाल्यांची, साठ लिटरची. त्यात दोन दिवसांचे कपडे आणि पाच किलो तूरडाळ. पुण्यात शिकणाऱ्या दुसऱ्या मित्राकडे मुक्कामाला जायचं होतं, तर आईचं म्हणणं, रिकाम्या हाताने कसा जाशील, आणि पुण्यात डाळ महाग असते. बेत असा होता की सॅक स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकायची आणि मोकळ्या अंगाने फिरायचं. खिडकीतल्या माणसाने सॅककडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "कुलूप?" रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत. नियम रास्त आहे, मलाच माहीत नव्हता. आता पहाटे साडेपाचला कुलूप कुठे मिळणार? दुकानं उघडली की घेऊ, असं म्हणत सॅक पाठीवर चढवली.

साठ लिटरची सॅक पाठीला लावून बसमध्ये उभं राहणं म्हणजे आपल्याला मागून एक जादा माणूस फुटल्यासारखं असतं. कंडक्टरने हाक मारली म्हणून वळलो, तर सॅकने एका काकांचा चष्मा उडवला. "सॉरी काका" म्हणायला काकांकडे वळलो, तर पलीकडच्या बाईंच्या डब्याची पिशवी कलंडली. त्यांची माफी मागायला पुन्हा वळणार, तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "अहो, तुम्ही वळू नका! आहे तिथूनच बोला." माझ्याभोवती हातभर जागा सोडून लोक उभे राहिले. गर्दीच्या बसमध्ये एवढी मोकळी जागा मला त्यानंतर कधीच मिळाली नाही.

शनिवारवाडा. तुमच्या यादीत पहिला, माझ्याही होता. पहिल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वाडा उभा राहिला. समोरचा दिल्ली दरवाजा नीट पाहा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर लोखंडी खिळे ठोकलेत, आणि त्याच दाराला माणसांसाठी छोटी दिंडी ठेवलीय. त्या दिंडीतून मी वाकून आत गेलो. म्हणजे मी गेलो, सॅक राहिली. वरच्या चौकटीत तिचं टोक अडकलं, आणि मी काटकोनात वाकलेला, एक पाय पेशवाईत आणि एक पुणे महानगरपालिकेत. मागे शाळेची सहल उभी. पोरांनी "एऽक, दोऽन, तीऽन" करून ढकललं, त्याने मी आणखी घट्ट बसलो. शेवटी पहारेकरी आले, खांद्याला धरून मागे ओढलं आणि शांतपणे म्हणाले, "हत्ती येऊ नये म्हणूनच आहे ते दार. सॅक हातात घ्या."

आत गेलो तर हिरवळ, दगडी जोती, कोरडं कारंजं. मी त्यांनाच विचारलं, "वाडा कुठे आहे?"

"जळाला. १८२८ साली." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत, "उशीर केलात."

गंमत सोडा, पण तिथे वाडा शोधायला जाल तर हिरमोड होईल. तटावर चढा, नगारखान्यापाशी जा, तिथून खालच्या जोत्यांवरून दालनं कशी असतील याचा अंदाज घ्या. तासाभरात होतं. तिथून लाल महाल चालत पाच मिनिटांवर, तो बाहेरून पाहिलात तरी चालेल.

आता पत्ता विचारणं. पेठांत घराचे नंबर कुणी सांगत नाही, देव सांगतात, आणि त्यांची नावं अशी की नवखा माणूस चक्रावून जातो. पासोड्या विठोबा, कारण तिथे पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणं, विकायला बसत. जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, उपाशी विठोबा. मला केळकर संग्रहालय हवं होतं. एकाने मारुतीपासून डावीकडे सांगितलं, दुसऱ्याने विचारलं "कुठल्या मारुतीपासून?", आणि मग त्या दोघांत कुठला मारुती हे ठरेपर्यंत मी बाजूला उभा. शेवटी तिसऱ्याने "बाजीराव रोडने सरळ जा, चिंचेची तालीम विचारा" म्हणून सोडवलं. आता फोनमध्ये नकाशा असतो. तरीही तुम्ही विचारणारच आहात, आणि विचाराच.

राजा दिनकर केळकर संग्रहालयाला तुमच्या यादीत शेवटून दुसरं ठेवलंय. ते वर घ्या. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. मुलगा राजा लहानपणी गेला, त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर वस्तू गोळा केल्या, वीस हजारांच्या वर. त्यात तलवारी थोड्या, घरातल्या वस्तू जास्त: दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं. पाय घासायच्या वज्र्यांसमोर मी किती वेळ उभा होतो. टाच घासायची ती वस्तू, तिच्यावर मोर, पोपट, घुंगरं कशासाठी? कुणी बघणार नसतं, न्हाणीघरात पडून राहायची असते, तरी कुणीतरी जीव ओतून घडवलीय. मस्तानीचा कोथरूडचा महाल तिथेच आणून पुन्हा उभारलाय. मी तीन तास रमलो. दारातल्या माणसाने सॅक ठेवून घेतली होती हेही एक कारण आहेच, नाकारत नाही. कुलपांच्या कपाटासमोर मात्र पोटात कालवलं.

बाहेर आलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पहाटेपासून कुलपासाठी टपलेला माणूस आणि समोर ओळीने उतरलेली शटरं. "दुपारी १ ते ४ बंद" हा लोकांना विनोद वाटतो. आता तो पूर्वीइतका कडक राहिलेला नाही, पण पेठांतल्या जुन्या दुकानांत अजून चालतो. एका दुकानाच्या पायरीवर टेकलो आणि मग पाठीमागची पाटी वाचली: "पायरीवर बसू नये. उठवले जाईल." दुकान बंद होतं, उठवणार कोण? तरी मी आपणहून उठलो. या शहराचा धाक असा असतो.

खानावळ उघडी होती. चौघांच्या टेबलावर जागा मिळाली, शेजारच्या खुर्चीवर सॅक बसवली. वाढपी आला, माझं ताट मांडलं, मग सॅकसमोर थांबून विचारलं, "हे पण जेवणार आहेत का?" नाही म्हटल्यावर, "मग त्यांना खाली बसवा." जेवण मात्र पोटभर. मठ्ठा तर वाटीवर वाटी.

चार वाजता दुकानं उघडली तेव्हा मी पर्वतीवर होतो. म्हणजे कुलूप पुन्हा हुकलं. पायथ्याशी काकडी-कैरीची पाटी घेऊन बसलेल्या मावशींकडे सॅक सोडली, दहा रुपयांची काकडी घेतली, वर निघालो. पायऱ्या १०३, रुंद, दगडी. मी मोजल्या त्या ९७ भरल्या. वर एक आजोबा भेटले, रोजचे चढणारे. मी म्हटलं, सत्त्याण्णव आहेत. त्यांनी खाली बोट केलं, "पुन्हा मोजा."

देवदेवेश्वराचं दर्शन घेतलं. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब पेशवे १७६१ मध्ये याच टेकडीवर वारले. संध्याकाळच्या उन्हात खाली सगळं शहर दिसत होतं आणि थोडा वेळ मी गप्प बसलो. मग त्याच आजोबांशी गप्पा मारत उतरायला लागलो, आणि त्यांच्या घराकडच्या वाटेने टेकडीच्या भलत्याच बाजूला पोचलो. पायऱ्या मोजायच्या राहिल्याच, पण मावशीही नाहीत, सॅकही नाही. अख्ख्या टेकडीला वळसा घालून पाऊण तासाने पोचलो तेव्हा मावशी सॅकला पाठ टेकून आरामात बसल्या होत्या. "काय हाय वं यात? लई झ्याक टेकायला." म्हटलं, डाळ. अकोल्याची. त्यांनी भाव विचारला, मी आईला फोन लावून सांगितला. अर्धा किलो तिथेच गेली, वर काकडी फुकट.

दगडूशेठचं दर्शन घेऊन स्वारगेटला परत यायचं म्हणून शिवाजी रोडवर जिथे उतरलो होतो तिथेच पलीकडे उभा राहिलो. अर्धा तास. बस येत होत्या, सगळ्या उलट्या दिशेने. हारवाल्याला अखेर दया आली. "स्वारगेटच्या गाड्या बाजीराव रोडने जातात. इथून फक्त तिकडून आलेल्या." हे घोकून ठेवा: शिवाजी रोडने शहरात यायचं, बाजीराव रोडने परत जायचं. किंवा घोकूही नका. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटची भुयारी मेट्रो सुरू झालीय. पुणे रेल्वे स्टेशनहून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून कसबा पेठेला उतरा, शनिवारवाडा तिथून चालत. पुढचं मंडई, मग स्वारगेट. माझ्या वेळी असती तर हे उत्तर निम्म्यात संपलं असतं.

रात्री नऊला मित्राला फोन केला. "सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधरापाशी ये." मला वाटलं, असेल कुणी भाई. पानवाल्याला हळूच विचारलं, "इथे मुरलीधर म्हणून खुनी कुठे राहतो?" त्याने चुना लावता लावता मान वर केली. "देव आहे तो. आणि खुनी नाही, *खुन्या*." पेशवाईच्या काळात मूर्तीवरून तिथे चकमक होऊन रक्त सांडलं, म्हणून हे नाव, असं सांगतात. पान बांधून होईपर्यंत त्याने ते सगळं सांगितलं, आणि दोन रुपये सुटे नसल्याबद्दल बोलणंही लावलं.

दुसऱ्या दिवशीचं फार सांगत नाही, फक्त पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावर एका आजींना आपल्या वऱ्हाडी सवयीने विचारलं, "आजी, पाताळेश्वर कुठे पडते?"

"पडत नाही हो कुठे. आठव्या शतकापासून आहे तिथेच आहे." मग हाताला धरून फाटकापर्यंत पोचवलं.

अखंड कातळात खोदलेलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं, अर्धवट राहिलेलं लेणं आहे ते. समोर गोल नंदीमंडप, दगडी छत्रीसारखा. दुपारच्या उन्हात जा. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत असतात आणि आत पायाला गार दगड.

यादीबद्दल थोडक्यात. सिंहगड काढून टाका, त्याला स्वतंत्र दिवस द्या आणि तो रविवार नको. शिंदे छत्री वानवडीला, सुंदर आहे, पण या दोन दिवसांत तिकडे गेलात तर पेठा सुटतील. आगाखान पॅलेस ठेवा, परतीच्या दिवशी, कारण स्टेशन त्याच बाजूला. १९४२ ते १९४४ गांधीजी तिथे कैदेत होते. महादेवभाई देसाई तिथेच गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत. तिथे घाईने जाऊ नका.

कुलपाचं राहिलंच. त्या दिवशी रात्री आठला मंडईजवळ एक दुकान उघडं सापडलं. मालकांनी विचारलं, कशाला हवंय? सॅक दाखवली. त्यांनी ती फिरवून पाहिली. "याला चेन कुठे आहे? तोंडाला नाडी आहे. नाडीला कुलूप लावतात का?"

"मग काय करू?"

"घेऊ नका."

मी हट्टाने चाळीस रुपये देऊन घेतलंच. तेव्हा तुम्ही येताना चेनची सॅक आणा. माझं कुलूप मित्राने दुसऱ्याच दिवशी डाळीच्या डब्याला लावलं, कारण रूमवर ते चौघं राहायचे.