गडग्यावरचं शेवाळ कोणत्या घराण्यातलं?

प्रश्न : आमच्या जांभ्याच्या गडग्यावर पावसाळ्यात हिरवी मखमल चढते. विहिरीच्या पायऱ्यांवरही हिरवं असतं, पण बुळबुळीत. आम्ही दोन्हीला शेवाळच म्हणतो. मुलाच्या शाळेच्या पुस्तकात ‘ब्रायोफायटा’ हा एकच विभाग आहे; कॉलेजात शिकणारी पुतणी तीन सांगते. खरं काय? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : पुतणीचं बरोबर आहे, आणि पुस्तकही टाकाऊ नाही. पण आधी विहीर. पायरीवरचं बुळबुळीत ते बहुधा शैवाल (अल्गी), ते ब्रायोफायटांच्या, म्हणजे बिया नसलेल्या बुटक्या हिरव्या वनस्पतींच्या घराण्यातलं नाही. गोड्या मसाल्यातलं दगडफूलही नाही. तो बुरशी आणि शैवालाचा जोडसंसार. ही सरमिसळ आपणच करतो असं नाही. १७५३ साली वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसने याच घराण्यातल्या मार्केन्शिया, रिक्सिया, अँथोसिरॉस आणि दगडफुलाची जातभाई मंडळी शैवालांतच बसवली होती.

आता पुतणीचे तीन विभाग. पहिला गडग्यावरच्या मखमलीचा : ती म्हणजे मॉस, मराठीत हरिता. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हा दर श्रावणात मुलांना कॉलेजमागच्या भिंतीपाशी न्यायची आणि सांगायची, पानं मागाहून, आधी बीजाणूंचं बोंड बघा. हरितेचं बोंड तारेसारख्या चिवट देठावर असतं. बहुतेकींच्या बोंडाला झाकण असतं. ते गळलं की आत दातांची नाजूक कडी दिसते. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे हे दात हलतात आणि बीजाणू थोडेथोडे सुटतात. दुसऱ्या यकृतका (लिव्हरवर्ट) : काही चपट्या, दुभंगत जाणाऱ्या हिरव्या फितीसारख्या, पुष्कळशा बारीक पानांच्या. त्यांचा देठ मऊ असतो, लवकर कोलमडतो. तिसऱ्या शृंगका (हॉर्नवर्ट), माझ्या सर्वांत लाडक्या. यांना देठच नाही. जमिनीलगतच्या पापुद्र्यातून हिरवं शिंग निघतं, बुडाकडून वाढत राहतं आणि टोकाकडून मुगाच्या शेंगेसारखं उकलतं.

हरितांच्या सुमारे १२,००० जाती, यकृतकांच्या सात हजारांवर, शृंगकांच्या जेमतेम दोनशेच्या आसपास. आज हे तीन स्वतंत्र विभाग मानतात आणि ‘ब्रायोफायटा’ हे विभागाचं नाव काटेकोरपणे फक्त हरितांना लावतात. मात्र गेल्या दशकातल्या जनुकांच्या तुलनेतून तिन्ही एकाच पूर्वजाच्या लेकी असल्याचं चित्र पुढे आलं आहे, म्हणून तुमच्या पुस्तकातला एकत्र गट मोडीत निघालेला नाही. त्यातही हरिता आणि यकृतका जास्त जवळच्या. तो देठ दोघींच्या सामाईक वारशातला.

शृंगका गडग्यावर शोधू नका, त्याच्या पायथ्याच्या उघड्या ओल्या मातीत बघा. पाऊस ओसरताना शिंगांची टोकं तपकिरी पडून फाटू लागतात. साधं भिंग पुरतं.