बोट ठेवलं की मुका होतो

मे संपत आला होता. दुपारच्या उन्हात एक आई आणि आजी पाच वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे मालवणात आल्या. लहान मुलांना अक्षरओळख करून देणं हे माझं काम. घरात सगळे त्याला बाबू म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. आईच्या पिशवीत मुळाक्षरांचा तक्ता होता, घडी घालून घालून मधोमध फाटलेला. तिचा प्रश्न मी वर्षातून कितीतरी वेळा ऐकते: "मॅडम, पुढच्या जूनला पहिलीत जाणार आणि याला अजून अक्षरं ओळखता येत नाहीत. याला काही दोष तर नाही ना?"

आजीने तक्रार एका वाक्यात मांडली. "सगळा घडाघडा म्हणता, आणि बोट ठेवला काय मुको होता."

मी तक्ता जमिनीवर पसरला. बाबूने अ पासून ज्ञ पर्यंत एका दमात म्हणून दाखवलं, चालीवर, मान डोलावत. मग मी 'म'वर बोट ठेवलं. तो गप्प. पण ओठ हलत होते. नीट पाहिलं तेव्हा कळलं, तो मनातल्या मनात अ पासून सुरुवात करून बोटापर्यंत चालत येत होता. आला, आणि म्हणाला, "म". 'घ'वर मात्र झटकन "घर" म्हणाला. मी चित्रावर हात ठेवला तसा पुन्हा मुका. त्याला गाणं येत होतं, चित्रं येत होती. अक्षर कुणी त्याला एकटं भेटवलंच नव्हतं.

आणि त्या तक्त्यावरची चित्रं तरी काय! ऐ ऐरणीचा. या पोराने ऐरण कुठे बघितली असेल? त्याचा बाप मच्छीमार, अंगणात जाळी, पडवीत वल्ही.

दोष शोधण्याआधी मी कान विचारते. पावसाळ्यात सर्दी मुरते, कानांना दडे बसल्यासारखं राहतं, आणि 'ब'-'प'मधला फरक मुलाला ऐकूच येत नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यात बाबूचे कान-डोळे ठीक निघाले होते. बोलायला उशीर झाला नव्हता. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या मूळच्या अडचणीची, शंका असली तरी तिची रीतसर तपासणी तिसरीच्या किंवा आठ वर्षांच्या सुमारास होते. पाचव्या वर्षी घ-ध, भ-म यांत गोंधळणं, अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढणं हे या वयाचं नेहमीचंच आहे. हे मी आईला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगितलेलं भीतीत ऐकू येत नाही.

तक्ता मी ठेवून घेतला. घरी न्यायला एकच अक्षर दिलं: ब. बाबूचा ब.

काम आजीला दिलं. त्या कानकोंड्या झाल्या. "माका वाचूक येना नाय, मी काय शिकवतलंय?" म्हटलं, आजी, वाचायचं नाहीच, ऐकायचं आहे. मासे साफ करताना विचारायचं, टोपलीत 'ब'चं काय काय आहे? दुसऱ्या दिवशी म्हणे उत्तर आलं, "बांगडो, बोंबील, बाबा!" बाबा टोपलीत नव्हते, पण आवाज त्याने बरोब्बर पकडला होता. आई मध्ये पडली, "बांगडो नाही, बांगडा म्हण." ते मी थांबवलं. पहिला आवाज दोन्हीकडे तोच आहे, शेपटी शाळेत बदलेल.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी. बाबूचे वडील घरीच होते, जाळ्यांची डागडुजी करत. त्यांना मी ओल्या वाळूचं काम दिलं: रोज संध्याकाळी पाच मिनिटं, बोटाने 'ब' गिरवायचा, तोंडाने आवाज काढत. आधी गोल, मग पोटातली तिरकी काठी, मग उभी, डोक्यावरची रेघ शेवटी. लाट पुसून टाकते, त्यामुळे चूक राहत नाही. आमच्याच किनाऱ्याच्या उत्तरेला, बोर्डीला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बालवाडी सुरू केली तेव्हा शिंपले, बिया, पानं हीच साधनं होती. माझं त्यात नवं काही नाही.

'व' मी मुद्दाम तीन आठवडे थांबवला. ब आणि व यांत एका काठीचा फरक; दोन्ही एकदम दिले की दोन्ही जातात. हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी घ आणि ध शेजारी ठेवून "फरक सांग" म्हणत बसायचे. फरक सोडाच, तिला आधी पक्का येणारा घही डळमळला. म्हणून बाबूला मधल्या काळात 'र' दिला, रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा. 'ब' झोपेतही ओळखायला लागल्यावर वल्ह्याचा व आला.

आईने मध्येच मोबाइलवर अक्षरांचे व्हिडिओ लावले. त्यात 'ल' हिंदी वळणाचा, पुस्तकात मराठी पाकळीचा. बाबूने विचारलं, हा कोण? बरोबरच विचारलं. व्हिडिओ बंद करायला लावले. इंग्रजी शाळेचा विषयही तिने काढला. तो मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

नारळी पौर्णिमा झाली, वडील समुद्रावर गेले. तोवर बाबूला अकरा अक्षरं आणि काना ओळखता येत होता, कुठेही, कुठल्याही क्रमाने. घ-ध अजून चुकतो. परवा आईने फोटो पाठवला: पडवीच्या भिंतीवर कोळशाने मोठ्ठं 'बाबा', त्यातला दुसरा ब पूर्ण उलटा. खाली तिचा प्रश्न, "काय करू?"

मी लिहिलं, काही करू नका. आणि दिवाळीला भिंत रंगवणार असाल तर तेवढा कोपरा सोडा.