वाचक विचारतात : बैलगाडीवरचा ‘ॲपल’

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझा मुलगा बैलगाडीवर ठेवलेल्या ‘ॲपल’ उपग्रहाचा फोटो लावणार आहे. घरी आलेले एक पाहुणे म्हणाले, ‘तेव्हा इस्रोकडे ट्रकसुद्धा नव्हता.’ हे खरे का? आणि आमची डिश पावसात बंद पडते, तसे ॲपलचेही व्हायचे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही हो, त्या गाडीचा गरिबीशी काही संबंध नाही. मी मुरगावहून खनिज नेणाऱ्या जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. त्यामुळे तो फोटो पाहिला की माझे लक्ष बैलांआधी गाडीच्या लाकडाकडे जाते. अँटेना तपासायची तर आसपास लोखंड नको. ट्रकच्या पत्र्यावरून लहरी परततात, मूळ लहरींत मिसळतात आणि मोजमाप फसते. जहाजावर तर चहूकडे पोलादच. माल चढवायचा डेरिक इकडचा तिकडे झाला तरी आमचे दिशाशोधक यंत्र भलतीच दिशा दाखवायचे. म्हणून उघड्या मैदानात लाकडी गाडी. अडचण ओळखून काढलेला तो नेमका उपाय होता. मुलाने फोटोखाली हेच लिहावे.

ॲपल हा भारतात बनलेला पहिला भूस्थिर दळणवळण उपग्रह. 19 जून 1981 रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून, युरोपच्या एरियान रॉकेटच्या तिसऱ्या चाचणी उड्डाणात तो गेला. दुसरे उड्डाण आदल्याच वर्षी मे महिन्यात फसले होते. तरीही बंगळूरच्या शेडमध्ये बनवलेला आपला उपग्रह त्याच रॉकेटवर चढवला, याला छाती लागते. एरियानने त्याला लांबुळक्या कक्षेत सोडले. तिथून विषुववृत्तावरच्या सुमारे 35,800 किलोमीटर उंचीच्या गोल कक्षेत नेणारी मोटर आपली होती, आपल्याच एसएलव्ही-3 रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरून बेतलेली. या उंचीवरची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात होते, म्हणून तो 102 अंश पूर्व रेखांशावर खिळल्यासारखा राही.

1964 चा सिंकॉम-3 हा जगातला पहिला भूस्थिर उपग्रह. तो भोवऱ्यासारखा फिरत तोल सांभाळी. युक्ती सोपी, पण अंगावरच्या सौरघटांपैकी निम्मे सतत सावलीत. ॲपल मात्र स्वतः न गरगरता तीन अक्षांवर स्थिर होता: 90 सेंटिमीटरची तबकडी पृथ्वीकडे रोखलेली, सौरपंख सूर्याकडे. त्या दोन पंखांपैकी एक उघडलाच नाही! विजेची ओढाताण झाली, पण 1983 च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षे, आपल्या लोकांनी त्याच्याकडून काम करून घेतले. टीव्हीचे कार्यक्रम, रेडिओची जोडणी, संगणकांमधली माहितीची देवाणघेवाण, सगळे प्रयोग झाले. मला ॲपलमधले सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. बिघडलेले यंत्र हाताशी नसताना चालवणे काय असते, हे भर समुद्रात काम केलेल्याला विचारा.

त्यावर सी-बँड या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात चालणारे दोन ट्रान्सपाँडर होते. जमिनीवरून 6 गिगाहर्ट्झवर आलेला संदेश ते 4 गिगाहर्ट्झवर परत पाठवत. फ्रिक्वेन्सी बदलायची कशाला? इतक्या दुरून आलेला संदेश अतिशय क्षीण असतो. त्याच फ्रिक्वेन्सीवर उपग्रह स्वतः बोलू लागला, तर त्याला दुसऱ्याचे ऐकूच येणार नाही. मोर्सची कळ दाबलेली असताना आमचा रिसीव्हर असाच बहिरा व्हायचा.

आता पाऊस. तुमची डिश केयू-बँडवर, 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. तिची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. आषाढातल्या आपल्या सरींचे टपोरे थेंब ती शोषून घेतात, विखरून टाकतात. ॲपलची खाली येणारी लहर साडेसात सेंटिमीटरची, तिला पावसाचा त्रास फारच कमी. मात्र लहर लांब आणि उपग्रहाचा आवाज बेताचा, म्हणून तबकडी मोठी लागते. म्हापशात, मडगावात जुन्या केबलवाल्यांच्या गच्चीवर जाळीच्या अवाढव्य डिश दिसायच्या ना, त्या सी-बँडच्याच.